कंबरमोडीचं नाव घ्यायचं नसतं

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "वानखडे, तुम्ही उभा जन्म खेड्यातल्या दवाखान्यात काढलात. वऱ्हाडातल्या झाडपाल्याच्या औषधांवर लिहा ना. केवढा अमूल्य ठेवा आहे तो." मी विचारलं, "तो ठेवा लोकांच्या जखमांतून उपसून काढायचं काम मी केलं. त्यावर लिहू का?" मग म्हणाले, "लिहा, पण थोडं सकारात्मक लिहा." सकारात्मक म्हणजे नेमकं काय हे मला साठी उलटली तरी कळलेलं नाही. जे झालं ते लिहितो. ठेवा ज्याला सापडेल त्याने खुशाल घरी न्यावा.

मी ड्रेसर होतो. सरकारी ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर असतात, सिस्टर असतात, हे सगळ्यांना माहीत असतं. जखमा धुवायला सरकार वेगळा माणूस पगारावर ठेवतं, हे माझ्या पुण्याच्या व्याह्यांना मुलीच्या लग्नात कळलं. त्यांनी चेहरा सांभाळला, पण जेवताना माझ्या शेजारी बसले नाहीत.

काम तसं सांगायला सोपं. लोक जखम घेऊन येतात, ती धुवायची, सडलेलं कातरून काढायचं, पट्टी बांधायची, उद्या पुन्हा तेच. ज्याला घाण वाटते त्याने या कामात पडू नये आणि ज्याला अजिबात घाण वाटत नाही त्यानेही पडू नये, कारण अर्धी पारख नाकाने होते. बाहेरच्यांना वाटतं पट्टी बांधणं हीच कला. बांधायला काय, लग्नातले फेटेवालेही बांधतात. कसब आहे ते सोडण्यात. वाळून चिकटलेली पट्टी तशीच ओढली की नवी धरलेली कातडी तिच्यासोबत निघून येते. म्हणून आधी ती सलाइनने भिजवायची आणि माणसाला सोयाबीनचा भाव विचारायचा. तो सरकारला शिव्या घालायला लागला की तेवढ्यात हळूच काढून घ्यायची.

आणखी एक. शिळी, मळकी जखम शिवत नाहीत. आत घाण कोंडली की आतल्या आत सडतं. ती उघडी ठेवून तळापासून भरू द्यावी लागते आणि त्याला आठवडे लागतात. लोकांना हे पटत नाही. त्यांना टाके हवे असतात. टाके पडले म्हणजे इलाज झाला, नुसतं धुतलं म्हणजे ड्रेसरने कामचुकारपणा केला.

आणि जखम शिळी का होते? कारण दवाखान्याच्या आधी घरचे डॉक्टर येऊन गेलेले असतात. मी जखमांतून चुना काढलाय, तंबाखू काढलाय, चहाची पावडर, कोळ्याचं जाळं, टूथपेस्ट, जाळलेल्या कापसाची राख. अकोटच्या जिनिंगमधला एक गडी तर हातात मशीनचं ग्रीस भरून आला होता. मी ओरडलो तर शांतपणे म्हणाला, "मशीनले लागू पडते तं मले काहून नाई पडनार?"

या सगळ्या मंडळींत मानाचं पान कंबरमोडीचं. कोणी तिला एकदांडी म्हणतं, कोणी दगडी पाला. नाव माहीत नसलं तरी तुम्ही तिला तुडवलेलं आहे. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रेल्वेच्या खडीत, आमच्या दवाखान्याच्या पायरीच्या भेगेत, कुठेही उगवते. खोड कंबर मोडल्यासारखं जमिनीवर लोळतं आणि मधूनच एक लांब दांडी ताठ उभी राहते. तिच्या टोकाला पिवळं-पांढरट, बोटाच्या नखाएवढं फूल. पानं खरखरीत आणि दातेरी. झेंडू, शेवंती, सूर्यफूल हे तिचे नातेवाईक. गाजरगवतही त्याच कुळातलं, पण त्याचं नाव चारचौघांत कोणी काढत नाही. प्रत्येक कुळात असा एखादा असतो.

विळा लागला की बाया हिचा पाला तळहातावर चोळतात, रस जखमेत पिळतात, चोथा वर ठेवतात आणि लुगड्याची चिंधी करकचून बांधतात. रक्त थांबतं. खोटं कशाला बोलू, थांबतं. रसाने थांबतं की करकचून बांधल्याने, यावर माझं आणि माझ्या साडूचं कैकदा वाजलंय. साडू अकोल्याला शेतकी शिकवायचा. तोच एकदा म्हणाला की ही बाई मूळची इथली नव्हेच, अमेरिकेकडून आलेली आहे.

हे मी आमच्या अमरावतीच्या कॉलनीत सांगायला नको होतं. तिथे एक निवृत्त साहेब राहतात. शुगर उतरावी म्हणून रोज सकाळी हिचा रस पितात. "आपल्या ऋषिमुनींनी सांगून ठेवलंय," असं म्हणतात. मी म्हटलं, "साहेब, ऋषिमुनींच्या काळात ही अजून जहाजात चढली नव्हती." तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत आणि माझ्या फाटकासमोरचा पाला सोडून नाल्यापलीकडचा तोडतात. कॉलनीतली कुत्री सकाळची पहिली फेरी तिथेच मारतात. तेही सांगायचं मनात होतं, पण बोलणंच बंद आहे.

शुगरवाल्यांचं आणखी एक. मी काही वर्षं वरुडकडे होतो, तेव्हा शेंदूरजनाघाटचे एक संत्र्याचे व्यापारी पायाच्या अंगठ्याला कंबरमोडी बांधून आले. शुगरने पायाची जाणीव गेलेली, पण पाला लावून आठवडा झाल्यामुळे तब्येत खूश. पट्टी सोडली तर पाल्याच्या खाली बुटाचा खिळा. पाल्याने बिचाऱ्याने खिळ्यासकट सगळं नीट झाकून ठेवलं होतं. अंगठा नागपूरला काढावा लागला. जाताना मला म्हणाले, "पाला चांगला होता, बूटच खराब निघाला." अशा माणसांसमोर मी हात टेकतो.

आता आबाजी. ते कुठल्या गावचे हे सांगत नाही, कारण त्या गावात माझं अजून जाणं-येणं आहे. अकोटहून एसटी जाते, एवढं पुरे. आबाजी चांगले खाऊनपिऊन सुखी शेतकरी. पण त्यांची ख्याती शेतीसाठी नव्हती. ते रविवारी जखमेचं औषध देत. बापाने मरताना त्यांच्या कानात झाडाचं नाव सांगितलं होतं, आणि ते आपल्या मरणाच्या वेळी एकाच्याच कानात सांगणार होते. मध्ये कोणाजवळ नाव घेतलं की औषधाचा गुण गेला. औषधाचे पैसे घ्यायचे नाहीत, रोग्याच्या घरचा चहासुद्धा प्यायचा नाही.

पाला तोडण्याची रीत अशी. शनिवारी संध्याकाळी धुऱ्यावर जायचं, झाडाला हळद-कुंकू आणि अक्षता वाहून आवतण द्यायचं. रविवारी उजाडायच्या आत जाऊन डाव्या हाताने पाला तोडायचा. घरून निघाल्यापासून रोग्याला औषध लावेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, कोणाकडे वळून पाहायचं नाही. पाला दुपट्ट्याखाली झाकून आणायचा, दुपट्ट्याखालीच चोळायचा आणि रस पिळायचा. म्हणजे काय लावलं हे कोणाला दिसू नये. तो पाला कंबरमोडीचा आहे हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, बकऱ्यांनाही माहीत होतं. पण पिढ्यान्‌पिढ्या सगळं गाव तोंडात मिठाची गुळणी धरून होतं. एवढी एकजूट त्या गावाने ग्रामपंचायतीच्या नळासाठी कधी दाखवली नाही.

गावातल्या पोट्ट्यांनी यातून एक खेळ काढला होता. रविवारी पहाटे आबाजी धुऱ्याकडे निघाले की त्यांना बोलतं करायचं. "आबाजी, धोतर सुटलं." "आबाजी, घरी पावने आले." आबाजी ढिम्म. यातला म्होरक्या गजू, आबाजींच्या शेजारच्या वावराचा मालक. लग्न झालेला, मिशी फुटलेला माणूस, पण हा खेळ त्याने सोडला नव्हता.

माझं आणि आबाजींचं जमत नसे हे सांगायला नको. सोमवार ते शनिवार जखम माझी, रविवारी त्यांची. सोमवारी टेबलावर हिरवीगार जखम यायची. हिरव्या रसात पू दिसत नाही, वास दबतो, काय मेलंय आणि काय जिवंत आहे ते कळत नाही. पहिला अर्धा तास नुसता रंग धुण्यात जायचा. एकदा अकोटच्या बाजारात गाठ पडली. मला म्हणाले, "ड्रेसर, तू नुसतं धुतं. बरं मी करतो." मी म्हटलं, "आबाजी, तुमी लावता आन मी खरडून काढतो. पगार मात्र मले एकट्याले भेटते." ते मनापासून हसले. मला त्यांचा राग यायचा तो असा अर्ध्यावरच थांबायचा.

त्या वर्षी सोयाबीन सोंगायच्या, म्हणजे कापायच्या, दिवसांत कमलबाई आली. मजुरी करणारी बाई, चाळिशीची, अंगाने काटक. गावातली सगळ्यात चलाख कापूस वेचणारी अशी तिची ख्याती होती. बाहेरच्यांना वाटेल कापूस वेचणं म्हणजे फुलं तोडणं. बोंडातून पूर्ण कापूस एका झटक्यात आला पाहिजे आणि सोबत पालापाचोळा यायला नको. दोन्ही हात सारखे चालतात, अंगठा आणि दोन बोटं. एका हाताची बाई कोणी टोळीत घेत नाही. आणि कमलबाईच्या डाव्या हाताला, अंगठ्याच्या बेचक्यात, विळा खोल गेला होता. अर्थात चिंधी आणि पाला बांधून, दुसऱ्या दिवशी आली. शिवता येत नव्हतं.

टेबलावर बसल्या बसल्या तिने एकच विचारलं. "भाऊ, वेचनी लागेपर्यंत हात होईन ना?" नवरा हमाल, कंबर धरलेला. दोन पोरी अकोल्याला वसतिगृहात राहून शिकत होत्या. वेचणीच्या महिन्यांवर त्या घराचं वर्ष निघायचं. मी म्हटलं, "रोज येशील आन रविवारी आबाजीकडे जाशील नाई तं होईन." ती म्हणाली, "नाई जात." मी ते खरं मानलं नाही, पण जखम छान भरत होती. तळाला लालभडक, निरोगी मांस धरलं होतं. अशी जखम पाहिली की ड्रेसरचा दिवस चांगला जातो.

मग एका सोमवारी ती आली ती हात पदरात लपवून. पट्टी सोडली. तळातलं लाल मांस काळपट झालेलं, कडेची कातडी फोडांनी भरलेली, मनगटापर्यंत आग. वास मात्र सडण्याचा नव्हता. मी मॅडमना हाक मारली. मॅडम म्हणजे आमच्या तरुण डॉक्टर, साताऱ्याकडच्या. आमचं वऱ्हाडी ऐकून त्यांना सतत वाटे की दवाखान्यात भांडण लागलंय. पण जखमेकडे पाहताना त्या एकदम गंभीर व्हायच्या.

"वानखडे, हे पिकलेलं नाही, भाजलंय," त्या म्हणाल्या. "रसायन आहे काहीतरी. बाई, काय लावलंत?"

कमलबाईने पदर पुन्हा हातावर ओढून घेतला.

"अहो, हे तणनाशक असेल तर काही तणनाशकं जखमेतून रक्तात उतरतात. आज तुम्ही बोलताय, चालताय. चार दिवसांनी श्वास घेता येणार नाही. हातच काय, जीव जाईल. काय लावलंत सांगा, म्हणजे अकोल्याच्या डॉक्टरांना मी काही सांगू शकेन."

कमलबाईने माझ्याकडे पाहिलं. ती रडत नव्हती, हेच मला जास्त लागलं. "भाऊ, वेचनी तोंडावर आली म्हनून गेली. पन मी नाव घेतलं तं गुन जाते. साऱ्या गावाचा गुन माह्या एकटीसाठी घालवू काय?"

मला तिला दोन ठेवून द्याव्यात असं वाटलं आणि तिच्या पाया पडावं असंही वाटलं. मी दोन्हीतलं काहीच केलं नाही. हात साबणाच्या पाण्याने धुवत राहिलो. मॅडमनी रुग्णवाहिका बोलावली आणि मला म्हणाल्या, "मी हिला अकोल्याला घेऊन निघते. तुम्ही गावात जा आणि काय लागलंय ते शोधून मला फोन करा." मी मोटरसायकल काढली.

आबाजी ओसरीवर बसून बैलाचं दावं वळत होते. मला पाहून म्हणाले, "ये ड्रेसर. तुह्या दवाखान्यातल्या जखमा सरल्या काय?"

"कमलबाईचा हात जळला, आबाजी. काल काय लावलं तिले?"

दावं वळायचं थांबलं. "जे दरसाल लावतो ते."

"कोनतं?"

"तुले माहीत नाई काय, नाव घेता येत नाई ते?"

"नाव मले माहीत हाय. तुमच्या दारातल्या या बकरीले माहीत हाय. मले हे सांगा, कुठून तोडलं, आन त्याच्यावर कोनं काय मारलं होतं?"

गडबड ऐकून लोक जमले. मी त्यांच्याकडे वळून विचारलं, "शनिवारी कोनं कोनं फवारा मारला?" सगळे आभाळाकडे पाहायला लागले. गजू पुढेच उभा होता. तो म्हणाला, "आमच्या वावरात तं काईच नाई मारलं." त्याला अजून कोणी विचारलंही नव्हतं. पोलीस केस होईल याची भीती त्याच्या तोंडावर लिहिलेली होती. बाई वाचेल की नाही याची त्या घोळक्यात कोणालाच भीती वाटत नव्हती, कारण त्यांच्या लेखी बाई दवाखान्यात गेली म्हणजे प्रश्न मिटला.

तेवढ्यात आबाजींनी दावं बाजूला ठेवलं आणि मला त्यांचे तळहात दिसले. लाल होऊन सोलून निघाले होते. त्या हातांनीच त्यांनी पाला चोळला होता. म्हणजे काहीतरी चुकलं हे त्यांना कालपासून कळत होतं. त्याच सोललेल्या हातांनी ते दावं वळत बसले होते आणि घरात कोणाला बोलले नव्हते. मी म्हटलं, "आबाजी, ती बाई मरून राहिली. अकोल्याच्या डॉक्टरले काय सांगू? गुन जाते म्हनून सांगता येत नाई, असं सांगू?"

आबाजी उठले. टोपी नीट केली. आणि सगळ्या गावासमोर, मोठ्याने म्हणाले, "कंबरमोडी."

एका म्हातारीने पदर तोंडात कोंबला. मागून कोणीतरी "आबाजी, नका" म्हणालं.

"कंबरमोडी," ते पुन्हा म्हणाले. "माह्या आन गजूच्या मधातल्या धुऱ्यावरची, बाभळीच्या खालची. शनिवारी सांजच्याले आवतण देल्लं, रविवारी पहाटे तोडली. माह्याजवळ होतं ते मी सांगून टाकलं. गजू, आता तू सांग. काय मारलं?"

गजूने डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं. "हरभऱ्यासाठी धुरा साफ करत होतो आबाजी. तुमी आवतण देऊन गेले आन त्याच्या मांगून मी मारलं. पन पहाटे मी आवाज देल्ला होता. फवारलं हाय म्हनून ओरडलो. तुमी वळूनबी नाई पाह्यलं."

"तू दर रविवारीच ओरडतं लेका," आबाजी म्हणाले. "मांगच्या रविवारी माहा बैल मेला म्हनून ओरडला होता."

तणनाशक उन्हात काम करतं. अंधारात मारलं तर सकाळपर्यंत पाला हिरवागार दिसतो. दव आणि फवारा दोन्ही पिळून त्या जखमेत गेलं होतं. गजू नाल्याकडे पळाला आणि फेकलेली बाटली घेऊन आला. तिच्यावरचं नाव मी फोनवर मॅडमना एकेक अक्षर करून सांगितलं. ते नाव इथे मात्र लिहीत नाही, कारण बाटलीवाल्यांचे वकील माझ्यापेक्षा फार शिकलेले असतात. नाव न घेण्याची प्रथा काही एकट्या आबाजींची नाही.

फोन ठेवल्यावर मी आबाजींना तिथेच ओट्यावर बसवलं आणि त्यांचे हात बादलीभर पाण्याने धुतले. फार वाईट वाटलं.

कमलबाईला अकोल्याला ठेवून घेतलं. तिथल्या डॉक्टरांना बाटलीचं नाव वेळेत कळलं होतं. धोक्याचे दिवस तिने काढले, श्वास शाबूत राहिला आणि ती हात घेऊन माझ्याकडे परत आली. मी पहिल्यापासून सुरुवात केली. भिजवा, धुवा, मेलेलं काढा, झाका. अंगठा आखडू नये म्हणून हातात बँडेजची गुंडाळी देऊन मूठ उघडायला-मिटायला लावायचो. ती दात चावून करायची. असे रोगी मला कारकिर्दीत फार भेटले नाहीत.

गावाने या सगळ्यातून जो धडा घ्यायचा तो घेतला. फवाऱ्याने हात जळला हे कोणी मानलं नाही. कमलबाई रविवारी आबाजीकडे आणि सोमवारी दवाखान्यात, अशी दोन्हीकडे जायची, म्हणून झाड कोपलं असं ठरलं. मग वानखडे ड्रेसरने येऊन आबाजींच्या तोंडून नाव काढलं आणि पिढ्यांचा गुण गेला. गजूला कोणी काही म्हटलं नाही, कारण त्याच्याकडे ट्रॅक्टर होता आणि हरभरा पेरायचा होता. रविवारी आबाजींकडे कोणी जाईना. ते स्वतःही पाला तोडायला जाईनात. गुण गेला यावर गावाइतकाच त्यांचाही विश्वास होता.

एक दिवस कमलबाई ड्रेसिंग चालू असताना म्हणाली, "भाऊ, हात तं तुमी देल्ला. पन या हाताले कोनी वेचाले बोलावून नाई राहिलं. टोळीतल्या बाया म्हनतात, हिच्या हातापायी गुन गेला, हिचा हात कापसाले लागाले नोको." मी हातातला चिमटा ठेवून दिला. त्या बायांना मी काय म्हणालो ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. त्या तिथे नव्हत्या, म्हणून त्याचा उपयोगही झाला नाही.

उपयोग झाला तो आबाजींचा. आमच्याकडे वेचणीच्या पहिल्या दिवशी सीतादही करतात. वावरात लहान दगड मांडून त्यांना हळद-कुंकू लावायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मग मान असलेल्या बाईने पहिला कापूस वेचायचा. तो मान घरच्या सुनेचा. आबाजींनी सगळ्या टोळीसमोर कमलबाईला पुढे केलं. सून गाल फुगवून उभी राहिली, बाया एकमेकींकडे पाहत राहिल्या. आबाजी म्हणाले, "जिले हिच्या हाताचा विटाळ होत असन तिनं माह्या वावरातून निघून जा." कापूस फुटलेला होता, मजुरी रोखीची होती. कोणी निघून गेलं नाही. देवाच्या कोपाचं आमच्याकडे असंच असतं, तो हंगाम पाहून येतो.

त्यानंतर काही दिवसांनी कमलबाईची शेवटची पट्टी होती. सोबत आबाजी आले. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या ड्रेसिंग रूममध्ये पाऊल टाकलं असेल. स्टुलावर बसले आणि पट्टी सुटताना पाहत राहिले. आत नवी, गुलाबी, पातळ कातडी धरली होती. अंगठा थोडा वाकडा राहिला, पण तर्जनीला नीट टेकत होता. मी जरा शेखीतच म्हटलं, "पाहा, आबाजी."

आबाजींनी वाकून पाहिलं. मग विचारलं, "ड्रेसर, आता नाव फुटलंच हाय. एक खरं सांग. इतकी वर्सं लोक माह्या पाल्यानं बरे झाले का आपलेआप?"

हा प्रश्न मला त्यांनी कधीतरी विचारावा म्हणून मी वर्षानुवर्षं टपून होतो. एकाहून एक झोंबणारी उत्तरं तयार होती. त्या माणसाने सगळ्या गावासमोर आपल्या बापाचा शब्द मोडला होता, आणि त्याच्या बदल्यात त्याला एवढंच जाणून घ्यायचं होतं.

"मले नाई माहीत, आबाजी," मी म्हटलं. "माह्या पट्टीनं बरे झाले का आपलेआप, हेबी मले आजलोक कोनं सांगितलं नाई."

"धुनं तं लागतेच म्हना," ते म्हणाले.

"धुनं लागते," मी म्हटलं.

"आन घट्ट बांधनं?"

"लय घट्ट नाई."

"मंग रक्त कसं थांबीन?"

"दाबून धरलं की थांबते."

"पाला ठेवूनच दाबलं तं?"

"आबाजी, पुन्हा पाला कायले आनता मधात?"

कमलबाई टेबलावरून उतरली. पिशवीतून तिने वेचणीची ओटी काढली, कापूस टाकायला कमरेला बांधतात ती. "तुमी दोघं ठरवा सावकाश," ती म्हणाली. "बस निघून गेली तं कापूस काय हा गप्पांनी वेचून होईन?" आणि आमच्या दोघांच्या समोर, दोन्ही हातांनी, तिने ओटीची गाठ कमरेला आवळली आणि ती चालू लागली. आबाजींना दुपट्टा सावरत तिच्या मागे पळावं लागलं.